दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटचे अवरक्त संकेत

दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटचे अवरक्त संकेत म्हणजे रिमोटवरील कळ दाबली असता डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या उघडझापीतून संचाकडे जाणारा सांकेतिक संदेश होय. प्रत्येक कळीचा संदेश वेगळा असतो आणि प्रत्येक कंपनीची संदेश रचण्याची पद्धतही बहुधा वेगळी असते. मूळ रिमोट हरवल्यास, फुटल्यास किंवा बाजारात मिळेनासा झाल्यास हे संकेत शोधून काढावे लागतात. ते दुसऱ्या रिमोटमध्ये, भ्रमणध्वनीत किंवा एखाद्या लहान विद्युतमंडलात भरले की संच पूर्ववत चालविता येतो.

अलीकडच्या संचांवर कळा जवळजवळ उरलेल्या नाहीत. पुष्कळ संचांच्या खालच्या कडेला, बोटाने चाचपडल्याशिवाय सापडणार नाही अशी एकच कळ असते. भारनियमनानंतर वीज परत आली की असे काही संच आपोआप सुरू न होता केवळ लाल दिवा लावून थांबतात. अशा वेळी रिमोट नसेल तर चांगल्या स्थितीतील संचही निरुपयोगी ठरतो. केवळ रिमोट मिळत नाही म्हणून सुस्थितीतील संच भंगारात जातात. म्हणून संकेतशोधाची माहिती घरगुती व्यवहारात महत्त्वाची ठरते.

इतिहास

अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली ‘लेझी बोन्स’ हा तारेने जोडलेला नियंत्रक आणला. १९५५ साली त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. त्यात साध्या प्रकाशाचा झोत संचाच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदकांवर टाकावा लागे. खिडकीतून ऊन पडले तरी वाहिनी बदलत असे, ही त्याची मोठी अडचण होती. पुढल्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा ‘स्पेस कमांड’ नियंत्रक बनविला. त्यात ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर लहान हातोडी आपटे, म्हणून त्याला सेल लागत नसत. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेल्या अवरक्त किरणांचा या कामी सर्रास वापर होण्यास १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.

महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी असल्यामुळे संच एकदा लावला की रात्री बंद करण्यापुरतेच उठावे लागे. लाकडी दारे असलेल्या त्या कृष्णधवल संचांना रिमोटची गरज नव्हती. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत प्रक्षेपण आले, तरीही पुष्कळ घरांत वाहिनी बदलणे म्हणजे गोल खटका फिरविणे हेच होते. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि मग रिमोट ही चैन न राहता गरज झाली. रिमोट कोणाच्या हातात असावा हा घरोघरीच्या वादाचा विषयही तेव्हापासूनचा.

संकेताची रचना

रिमोटच्या टोकाशी असलेला प्रकाश-उत्सर्जक डायोड साधारणपणे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. मानवी डोळ्याची मर्यादा ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपत असल्याने तो दिसत नाही. सूर्यप्रकाशात, विजेच्या दिव्यात आणि चुलीच्या निखाऱ्यांतही अवरक्त किरण असतातच. त्या गर्दीतून रिमोटचा प्रकाश ओळखता यावा म्हणून तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवितात. या लुकलुकण्यास वाहक वारंवारता म्हणतात. संचातील ग्राहक तेवढ्याच वारंवारतेला प्रतिसाद देतो आणि स्थिर प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो.

हा ३८ किलोहर्ट्‌झचा आकडा रिमोटमधील एका स्वस्त घटकातून आला आहे. जुन्या रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक अनुनादक बसविलेला असतो. त्याच्या वारंवारतेला १२ ने भागले की सुमारे ३७.९ किलोहर्ट्‌झ मिळतात. त्याचप्रमाणे ४३२ ला १२ ने भागून ३६ आणि ४८० ला भागून ४० किलोहर्ट्‌झ मिळतात. पहिला आकडा फिलिप्सच्या आणि दुसरा सोनीच्या प्रणालीत वापरला जातो. हा अनुनादक नाजूक असतो. वरून पडलेला रिमोट बाहेरून धड दिसत असूनही ‘मुका’ होतो, त्याचे कारण बहुधा याच घटकाला गेलेला तडा असते. दुरुस्ती करणारे कारागीर अशा वेळी नवा अनुनादक डाखून रिमोट चालू करून देतात.

वाहक लहर काही काळ चालू आणि काही काळ बंद ठेवून शून्य व एक हे अंक लिहिले जातात. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एनईसी प्रणालीत आरंभी ९ मिलिसेकंद प्रकाश आणि ४.५ मिलिसेकंद विराम असतो. त्यानंतर ३२ अंक येतात. प्रत्येक अंक सुमारे ०.५६ मिलिसेकंदाच्या प्रकाशाने सुरू होतो. पुढचा विराम तेवढाच असेल तर शून्य आणि तिप्पट असेल तर एक. पहिले आठ अंक म्हणजे उपकरणाचा पत्ता, पुढचे आठ म्हणजे त्याच पत्त्याची उलट प्रत, नंतरचे आठ म्हणजे आज्ञा आणि शेवटचे आठ म्हणजे आज्ञेची उलट प्रत. उलट प्रत जुळली नाही तर संच संदेश नाकारतो, त्यामुळे चुकीची आज्ञा सहसा पाळली जात नाही. मूळ आणि उलट प्रत मिळून शून्य व एक नेहमी समसमान, म्हणजे १६-१६, येतात. साहजिकच कोणतीही कळ दाबली तरी या मूळ प्रणालीत संदेशाचा कालावधी ६७.५ मिलिसेकंदच भरतो.

उदाहरणार्थ, एलजी कंपनीच्या बहुतेक संचांचा चालू-बंद संकेत असा आहे : ००१००००० ११०१११११ ०००१०००० १११०११११. अंक उजवीकडून नव्हे, तर डावीकडून लहान किमतीपासून वाचायचे असल्याने पहिल्या गटाची किंमत ४ आणि तिसऱ्या गटाची ८ होते. म्हणजे पत्ता ४, आज्ञा ८. हाच संकेत काही याद्यांत अंक उलट क्रमाने धरून सोळा-आधारी पद्धतीने ‘२०डीएफ१०ईएफ’ असा लिहिलेला आढळतो, तर काहींत केवळ ‘४, ८’ असतो. नोंद वेगळी दिसली तरी संकेत एकच असतो, हे लक्षात न आल्याने पुष्कळांचा वेळ वाया जातो.

कळ दाबून धरल्यास एनईसी प्रणाली पूर्ण संदेश पुन्हा पाठवीत नाही. दर १०८ मिलिसेकंदांनी ९ मिलिसेकंद प्रकाश, २.२५ मिलिसेकंद विराम आणि एक लहान स्पंद एवढीच ‘पुनरावृत्तीची खूण’ जाते. आवाज वाढविण्याची कळ धरून ठेवली की आवाज चढत जातो तो या खुणेमुळे.

इतर प्रणालींपैकी सॅमसंगची प्रणाली एनईसीच्या जवळची असून तिचा आरंभ ४.५ मिलिसेकंद प्रकाश व तितक्याच विरामाने होतो. सोनीच्या प्रणालीत १२, १५ किंवा २० अंक असतात आणि तेथे विराम नव्हे तर प्रकाशाची लांबी अंक ठरविते : १.२ मिलिसेकंद म्हणजे एक, ०.६ म्हणजे शून्य. सोनीचा संच एकाच संदेशावर विसंबत नाही. संदेश किमान तीनदा जावा लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे अचूक संकेत पाठवूनही संच हलत नाही असा अनुभव येतो. फिलिप्सच्या आरसी-५ प्रणालीत १४ अंक असतात. त्यांपैकी एक अंक प्रत्येक नव्या दाबाला उलटतो, म्हणजे कळ सोडून पुन्हा दाबली की धरूनच ठेवली आहे हे संचाला समजते. त्या प्रणालीत दूरचित्रवाणीचा पत्ता ०, चालू-बंद १२, आवाज बंद १३, आवाज वाढविणे १६ आणि कमी करणे १७ असे क्रमांक ठरलेले आहेत.

पुस्तिकेतील क्रमांक आणि खरा संकेत

सर्वसाधारण रिमोटबरोबर, म्हणजे बाजारात ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रिमोटबरोबर, एक पुस्तिका येते. तीत प्रत्येक कंपनीपुढे तीन किंवा चार आकडी क्रमांक छापलेले असतात. या क्रमांकांनाच लोक ‘कोड’ म्हणतात. वास्तविक ते संकेत नसून त्या रिमोटच्या स्मृतीत साठविलेल्या संकेतसंचांचे अनुक्रमांक असतात. शब्दकोशातील पृष्ठांक म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, तसेच हे. एका कोशातील पृष्ठांक दुसऱ्या कोशात उपयोगी पडत नाही, त्याचप्रमाणे एका बनावटीच्या पुस्तिकेतील क्रमांक दुसऱ्या बनावटीच्या रिमोटमध्ये घालून काही साधत नाही. संकेत मिळत नसल्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा या एकाच गैरसमजातून उद्भवतात.

संकेत शोधण्याच्या पद्धती

प्रथम रिमोटच बिघडला आहे की संच, याची खात्री करून घेणे इष्ट असते. भ्रमणध्वनीच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून कळ दाबली असता पडद्यावर फिकट जांभळा लुकलुकणारा ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडविणारी गाळणी अधिक कडक असते, म्हणून तेथे तो दिसेलच असे नाही. ठिपका दिसत असूनही संच हलत नसेल तर दोष ग्राहकात किंवा संकेतात आहे. सेल बदलणे आणि सेलच्या कप्प्यातील गंज पुसणे हे उपाय त्याआधीचे, हे सांगण्याची वेळ वारंवार येते.

दुसरी पायरी संच ओळखण्याची. पुढच्या बाजूवरील नाव फारसे कामाचे नसते. संचाच्या पाठीवरील चिठ्ठीवर प्रतिमानाचा क्रमांक असतो, तर मूळ रिमोटचा क्रमांक बहुधा त्याच्या सेलच्या कप्प्यात किंवा पाठीवर असतो. जुन्या भारतीय संचांबाबत आणखी एक धागा उपयोगी पडतो. ओनिडाचे तांत्रिक साहाय्य जेव्हीसीकडून, व्हिडिओकॉनचे तोशिबाकडून आणि बीपीएलचे सान्योकडून आलेले होते. पुस्तिकेत भारतीय नाव नसल्यास त्या त्या जपानी कंपनीचे क्रमांक तपासून पाहण्यास हरकत नसते.

स्थानिक जुळणीच्या आणि दुरुस्त झालेल्या संचांत मात्र नावाचा आधार पुरता तुटतो. मूळ मंडल जळाले की कारागीर त्याच्या जागी चिनी बनावटीचे सर्वसाधारण मंडल, बोलीभाषेत ‘चायना किट’, बसवितात. त्यानंतर संच त्या किटबरोबर आलेल्या रिमोटचे ऐकतो, वरच्या खोक्यावर कोणतेही नाव असो. असा संच घरात असल्यास कंपनीच्या नावाने रिमोट मागण्यापेक्षा किटचा क्रमांक किंवा जुना रिमोट दुकानदाराला दाखविणे श्रेयस्कर.

स्वयंचलित शोध ही तिसरी पद्धत. सर्वसाधारण रिमोटवर ‘सेट’ अथवा तत्सम कळ, दिवा स्थिर होईपर्यंत दाबून ठेवतात आणि मग चालू-बंदची कळ दाबतात. रिमोट आपल्या स्मृतीतील एकेका संचाचा चालू-बंद संकेत पाठवीत जातो. संच बंद झाला की योग्य संकेत सापडला. त्या क्षणी थांबून तो साठवावा लागतो. शोध सुरू करताना संच चालू असावा, कारण चालू होण्यास काही संच दहा-पंधरा सेकंद घेतात आणि तोवर रिमोट पुढच्या संकेतांवर जातो, तर बंद होणे सहसा लगेच दिसते. सापडलेला संकेतसंच लगेच पक्का धरू नये. चालू-बंद जमले पण आवाज किंवा मेन्यू जमत नसेल तर शोध पुढे न्यावा, कारण एकाच कंपनीच्या निरनिराळ्या पिढ्यांत चालू-बंदची आज्ञा तीच राहून इतर आज्ञा बदललेल्या असतात.

चौथी पद्धत शिकविण्याची. शिकणारा रिमोट मूळ रिमोटचा प्रकाश स्वतः वाचतो आणि जसाच्या तसा साठवितो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांच्या सीएल-९ या कंपनीने १९८७ साली आणलेला ‘कोर’ हा अशा आरंभीच्या रिमोटपैकी एक होता. आज ही सोय डीटीएचच्या अनेक रिमोटमध्ये असते. त्यांवरील टीव्हीच्या चार-पाच कळा मूळ रिमोटकडून शिकवून घेता येतात. दोन्ही रिमोटची तोंडे समोरासमोर, काही सेंटिमीटर अंतरावर धरावीत. ऊन आणि जुने सीएफएल दिवे टाळावेत, कारण त्यांच्या लुकलुकीने नोंद बिघडते. मूळ रिमोटची कळ दाबून न धरता एकदाच दाबावी. शिकविण्यास चालता-बोलता रिमोट हवा, हीच या पद्धतीची मेख आहे. तरीही तो स्वतःचाच असण्याची गरज नाही. त्याच प्रतिमानाचा संच असलेल्या शेजाऱ्याचा रिमोट पाच मिनिटांसाठी आणला तरी काम होते. म्हणूनच रिमोट धड आहे तोवरच त्याच्या कळा दुसरीकडे शिकवून ठेवणे शहाणपणाचे.

ग्राहकाच्या साहाय्याने संकेत वाचणे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत आणि हौशी मंडळींत संकेत प्रत्यक्ष वाचण्याची पद्धत रूढ आहे. त्यासाठी लागणारा टीएसओपी-१७३८ हा तीन पायांचा ग्राहक पुण्यातील बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर वर्षानुवर्षे मिळत आला आहे. नावातील ३८ हा आकडा वाहक वारंवारतेचा. ग्राहकाचा फुगीर भाग आपल्याकडे ठेवला असता जुन्या १७३८ चे पाय डावीकडून ऋण, धन आणि निर्गम असे असतात, तर नंतरच्या ३८२ मालिकेत निर्गम, ऋण आणि धन असे. हा क्रम न पाहता जोडल्याने ग्राहक जळतो. १७३८ ला ५ व्होल्ट लागतात. रास्पबेरी पायसारख्या ३.३ व्होल्टच्या संगणकाला नवी मालिका अधिक सोयीची.

आर्डुइनो या लहान मंडलासाठी केन शिरीफ यांनी २००९ साली ‘आयआररिमोट’ हा आज्ञावलींचा संग्रह उपलब्ध करून दिला. तो कळ दाबताच प्रणालीचे नाव, पत्ता आणि आज्ञा पडद्यावर लिहून देतो. लिनक्स प्रणालीवर हेच काम ‘लर्क’ हा संच त्याच्याही आधीपासून करीत आला असून त्याबरोबर हजारो रिमोटच्या नोंदी जमल्या आहेत. आणखी एक जुनी लेखनपद्धती फिलिप्सच्या ‘प्राँटो’ रिमोटची. तीत दुसरा शब्द वाहक वारंवारता सांगतो. ‘००६डी’, म्हणजे दशमान १०९, असेल तर ती सुमारे ३८ किलोहर्ट्‌झ समजावी.

या ग्राहकाची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. तो वाहक लहर गाळून केवळ चालू-बंदचा आराखडा देतो. त्यामुळे मूळ वारंवारता ३६ होती की ४० हे त्यावरून कळत नाही. ती चुकली तरी जवळून संकेत चालतो, मात्र लांबून चालेनासा होतो. रिमोट ‘कमजोर’ झाल्यासारखा वाटण्यामागे कधीकधी हेही कारण असते.

मूळ रिमोट अजिबात उपलब्ध नसेल, पण संचाची प्रणाली आणि पत्ता ठाऊक असेल, तर ० ते २५५ या सर्व आज्ञा एकामागून एक पाठवून पाहता येतात. दोन आज्ञांत दोन-तीन सेकंद थांबले तरी दहा-बारा मिनिटांत फेरी पुरी होते. या फेरीत रिमोटवर कळच नसलेल्या आज्ञाही सापडतात. एलजीच्या बहुतेक संचांत १९६ ही केवळ चालू करण्याची आणि १९७ ही केवळ बंद करण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. सभागृहात अनेक संच एकदम लावायचे असतील तर अशा आज्ञांचे मोल कळते. नेहमीच्या चालू-बंद कळीने काही संच लागतात आणि आधीच लागलेले बंद पडतात. परंतु याच आज्ञांत कारखान्यातील समायोजनाचा मेन्यू आणि हॉटेलांसाठीचे कुलूप यांचाही समावेश असतो. त्यात शिरून आकडे बदलल्यास चित्र कायमचे बिघडू शकते, म्हणून फेरी मध्येच थांबविता येईल अशी सोय असावी आणि अनोळखी मेन्यू दिसताच संचाचा मुख्य खटका बंद करावा.

बहुतेक कंपन्यांचे केवळ चालू-बंद संकेत एका किल्लीच्या साखळीत भरून मिच आल्टमन यांनी २००४ साली ‘टीव्ही-बी-गॉन’ हे उपकरण विक्रीस आणले. उपाहारगृहात गोंगाट करणारा संच कोणालाही न विचारता बंद करण्याची ती सोय होती. अवरक्त संकेताला परवलीचा शब्द नसतो, हे त्यातून ठळकपणे दिसून आले.

भ्रमणध्वनीवरून नियंत्रण

२०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ प्रणालीत अवरक्त प्रक्षेपकासाठी अधिकृत सोय झाली. शाओमीच्या अनेक भ्रमणध्वनींच्या वरच्या कडेला असा प्रक्षेपक असतो आणि त्यामुळे भारतात तो मध्यमवर्गीय व ग्रामीण घरांतही पोहोचला. कंपनी निवडून कळ दाबून पाहण्याची पद्धत स्वयंचलित शोधासारखीच असते. प्रक्षेपक नसलेल्या भ्रमणध्वनीत केवळ ॲप उतरवून काहीही होत नाही. वाय-फायवर चालणारे ॲप स्मार्ट संचालाच लागू पडते आणि पहिली जोडणी करताना पडद्यावरील परवानगी देण्यास बहुधा मूळ रिमोटच लागतो. स्मार्ट संचांचे काही रिमोट ब्लूटूथवर चालतात. तरी त्यांतील चालू-बंदची कळ पुष्कळदा अवरक्तच ठेवलेली असते.

ग्रामीण भागातील स्थिती

पुणे–सोलापूर महामार्गालगत, उजनी जलाशयाच्या काठच्या डाळज (तालुका इंदापूर) यांसारख्या गावांत रिमोटसाठी भिगवण, इंदापूर किंवा बारामती गाठावे लागते. गाडीभाडे आणि बुडालेला दिवस यांचा हिशेब केला तर चुकीचा रिमोट आणणे महागात पडते. त्यामुळे निघण्यापूर्वी संचाच्या पाठीची चिठ्ठी आणि जुन्या रिमोटच्या दोन्ही बाजू यांचे छायाचित्र भ्रमणध्वनीत घेऊन ठेवणे सोयीचे होते. दुकानात नवा रिमोट घेताना त्यात सेल घालून कॅमेऱ्यासमोर ठिपका पाहता येतो. मात्र ठिपका दिसणे म्हणजे संकेत जुळणे नव्हे. कळांची मांडणी जुन्या रिमोटशी तंतोतंत जुळणे हा त्याहून बरा पुरावा आहे, कारण एकाच साच्यातील रिमोटमध्ये बहुधा एकच संकेतसंच भरलेला असतो. तरीही न चालल्यास परत घेण्याचे दुकानदाराकडून आधी कबूल करून घ्यावे.

घरात दृष्टी अधू झालेली वा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असल्यास पन्नास कळांचा सर्वसाधारण रिमोट गैरसोयीचा ठरतो. अशांसाठी शिकणाऱ्या रिमोटवर चालू-बंद, आवाज आणि वाहिनी एवढ्याच कळा शिकवून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावण्याची युक्ती अनेक घरांत वापरली जाते.